उजेडाचे बिऱ्हाड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. आम्हां धर्मगुरूंच्या वाट्याला या दोहोंपैकी एकही अनुभव येत नाही. तथापि दुसऱ्यांची लग्ने लावण्यात आणि दुसऱ्यांच्या घरांना आशीर्वाद देण्यात आमच्या आयुष्याचा बराच काळ जातो. त्यामुळे या दोन्ही विषयांवर आम्ही अधिकारवाणीने बोलावे अशी लोकांची, का कोण जाणे, अपेक्षा असते. लग्नाविषयी आम्ही प्रवचनांतून पुष्कळ बोललो आहोत. आज घराविषयी, त्यातही घराच्या सजावटीविषयी, चार शब्द लिहिण्याचा मानस आहे.

या विषयातील आमचे शिक्षण काहीसे वेगळ्या वाटेने झाले आहे. पाहुणा दिवाणखान्यात थांबतो. नातेवाईक फार तर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. घराला आशीर्वाद द्यायला आलेला धर्मगुरू मात्र पवित्र पाणी शिंपडीत प्रत्येक खोलीत जातो. न्हाणीघर, माळ्याखालची अडगळीची जागा, घाईघाईने दार ओढून घेतलेली कोठीची खोली, यांपैकी काहीच त्याच्या नजरेतून सुटत नाही. गेल्या पाव शतकाहून अधिक काळात चाळीतल्या खोल्यांपासून तिसाव्या मजल्यावरच्या सदनिकांपर्यंत शेकडो घरे आम्ही अशी आतून पाहिली. त्यातून एक गोष्ट आमच्या मनात ठसली. घरे मोठी होत आहेत, सामानाने भरत आहेत, आणि त्याच वेगाने काळोखी होत आहेत. सकाळचे अकरा वाजले असताना, बाहेर लख्ख ऊन पडलेले असताना, आत चार दिवे लावून बसलेली कुटुंबे आता आम्हांला नवलाची वाटत नाहीत. खिडकीवर जाड पडदा, पडद्यामागे काळी काच, काचेमागे लोखंडी जाळी आणि जाळीत वातानुकूलन यंत्र! एवढा बंदोबस्त केल्यावर सूर्य बिचारा आत येणार कोठून?

आमचे बालपण वसईकडच्या एका कौलारू घरात गेले. त्या घराच्या माजघराला खिडकी बेताचीच होती. परंतु छपरात, बरोबर मधोमध, एक काचेचे कौल बसविलेले होते. त्यातून उतरणारा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत जाई. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा आमच्या आईचा विश्वास त्या कवडशावर अधिक. कवडसा तांदळाच्या पिंपापाशी आला की भाताला आधण ठेवायचे, हे तिचे वेळापत्रक. त्या एका कौलाची किंमत काय असेल? पण ते फुटले तेव्हा वडिलांनी दुसऱ्या दिवशीच नवे आणून बसविले होते, आणि घरातली आणखी कोणतीही दुरुस्ती त्यांनी इतक्या तातडीने केल्याचे आम्हांला आठवत नाही. उजेड ही घरातली चैन नसून गरज आहे, हा धडा आम्ही तेथे शिकलो.

हे सारे पुन्हा आठवण्याचे निमित्त आमच्या धाकट्या बहिणीच्या घराचे. तिचे सासर मुंबईत, ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या रांगेतील एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. तिच्या सासऱ्यांच्या वडिलांनी 1940च्या दशकात ही जागा भाड्याने घेतली. सासरे, ज्यांना आम्ही सारे पप्पा म्हणतो, तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. म्हणजे एकाच खिडकीतून एकाच मैदानाकडे पाहत त्यांचे सारे आयुष्य गेले. गेल्या वर्षी आमच्या भाच्याचे लग्न ठरले आणि घराची सजावट नव्याने करण्याचा विचार सुरू झाला.

त्या रांगेविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. ओव्हलच्या पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि 1878 साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर ही गॉथिक शैलीतील दगडी मंडळी उभी आहेत. पश्चिमेला, बॅकबेच्या भरावातून निर्माण झालेल्या जमिनीवर, साठएक वर्षांनी निवासी इमारतींची एक वेगळीच पिढी उभी राहिली. या शैलीला आज आर्ट डेको म्हणतात. 1925 साली पॅरिसमध्ये भरलेल्या सजावटीच्या कलांच्या प्रदर्शनावरून हे नाव आले. ते रूढ मात्र 1960च्या दशकात झाले. म्हणजे ज्यांनी ही घरे बांधली आणि ज्यांनी त्यांत प्रथम बिऱ्हाड मांडले, त्यांना आपण आर्ट डेकोत राहतो याचा पत्ताही नव्हता! मैदानाच्या दोन्ही अंगांच्या या वास्तू, मरीन ड्राइव्हच्या इमारतींसह, 2018 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या. त्यांची संख्या 94 आहे. या शैलीत काम करणाऱ्या वास्तुतज्ज्ञांत गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारखा मराठी माणूस अग्रभागी होता, हेही आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

या इमारतींचे गोलाकार कोपरे, जहाजासारखे कठडे आणि रंगीत पट्टे यांची छायाचित्रे पुष्कळ छापली जातात. आम्हांला त्यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसते. सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यामुळे भिंतींवरचा भार हलका झाला आणि पूर्वीच्या दगडी घरांत शक्य नव्हत्या एवढ्या रुंद खिडक्या ठेवता आल्या. प्रत्येक खिडकीवर भुवईसारखा पुढे आलेला छज्जा आहे. मुंबईत डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर असतो, तर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस तो थेट डोक्यावर येतो. हा छज्जा चढते ऊन आणि तिरपा पाऊस अडवितो, पण आकाशाचा उजेड आत येऊ देतो. खिडकीवर झडपा, दारांवर काचेचे झरोके आणि अकरा फुटांची उंची! उजेड एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हातोहात पोहोचावा, अशी ही सारी योजना. पूर्वेकडे तोंड असल्यामुळे सकाळी आठच्या सुमारास बहिणीच्या दिवाणखान्यातून चालताना उन्हातून चालल्यासारखे वाटते.

सजावटीसाठी जो गृहस्थ नेमला होता त्याने रीतसर आराखडा काढून दिला. त्याच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. गिऱ्हाइकांना साधारणतः जे हवे असते ते त्याने कागदावर उतरविले होते. बाल्कनी सरकत्या काचांनी बंद करून आत घ्यायची. छत खाली आणून साडेआठ फुटांवर फॉल्स सीलिंग करायचे आणि त्यात पंचवीस दिवे लपवायचे. जुन्या लाद्यांवर चकचकीत नव्या लाद्या बसवायच्या. एका भिंतीला गडद लाकडी पॅनेल लावायचे. मैदानाकडची झोपण्याची खोली नवदाम्पत्याला द्यायची. त्या खोलीत इतकी वर्षे पप्पा राहत होते. त्यांची सोय स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत करायची होती. तिची एकमेव खिडकी इमारतीच्या आतल्या चौकात उघडते आणि तेथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो.

येथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. पप्पांची दृष्टी गेली काही वर्षे अधू होत चालली आहे. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजत जाण्याचा जो विकार वार्धक्यात जडतो, तो त्यांना आहे. आराखड्यावर चर्चा चालू असताना एका आप्ताने, कोणत्याही दुष्ट हेतूशिवाय, सहज म्हटले, “पप्पांना आता उजेड काय नि अंधार काय, सारखेच!” पप्पा तेथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले, उजेडाच्या रोखाने सावकाश चालत गेले आणि बाल्कनीत जाऊन कठड्याला धरून उभे राहिले. आमच्या बहिणीने आमच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

आम्हीही बाल्कनीत गेलो. मैदानावर मुलांचे क्रिकेट चालले होते. पप्पा म्हणाले, “फादर, मला आता माणसाचा चेहरा दिसत नाही, पण माणूस कोठून आला ते दिसते. दारातला उजेड अडला की समजते, कोणीतरी आले. कोण ते मग आवाजावरून ओळखतो.” नंतर हळूच पुढे म्हणाले, “माझ्यासाठी घर अडवू नका. मुलांचा संसार सुरू व्हायचा आहे. मी कोठेही राहीन. फक्त ही बाल्कनी बंद करू नका, एवढे त्यांना सांगा.”

एखादा म्हातारा कोठेही राहीन असे म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. उलट तेथे ती सुरू होते. दुसरीकडे आमच्या भाच्याचेही चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही. दोन झोपण्याच्या खोल्या आणि तीन पिढ्या, हे गणित मुंबईत कोणालाही सुटलेले नाही. नव्या नवरीला स्वतःची खोली नसावी काय? तिने पहिल्याच दिवशी आजेसासऱ्यांच्या खोकल्याचा आवाज ऐकत झोपावे काय? अशा प्रसंगी धर्मगुरूने प्रवचन दिले तर घरातले सारे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे काम सुरू होते. म्हणून आम्ही प्रवचन दिले नाही. बहिणीबरोबर पप्पांना घेऊन त्यांच्या नेत्रतज्ज्ञांकडे मात्र गेलो आणि घरात काय करावे, असे सरळ विचारले.

त्यांनी जे सांगितले ते ज्यांच्या घरी वृद्ध आहेत अशा प्रत्येक वाचकाच्या उपयोगाचे आहे. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ऐंशीनंतर तो आणखी कमी होतो. त्यातून मध्यदृष्टी गेलेली असेल तर माणूस कडेच्या दृष्टीवर जगतो. त्याला भरपूर, सर्वत्र सारखा पसरलेला उजेड लागतो. तीव्र झगमगाट मात्र त्याला आंधळा करतो. चकचकीत फरशीवर पडलेले उन्हाचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब त्याला पाणी सांडल्यासारखे दिसते, आणि खरोखर सांडलेले पाणी दिसतच नाही. पांढऱ्या भिंतीवरचे पांढरे बटण, पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात, एकाच रंगाची भिंत आणि जमीन, हे सारे त्याच्यासाठी नाहीसे होते. गडदावर फिके आणि फिक्यावर गडद, हीच त्याची बाराखडी.

घरी परतल्यावर आम्ही भाच्याला त्याचा जुना चष्मा आणायला सांगितला आणि दोन्ही काचांच्या मध्यभागी व्हॅसलिनचा ठिपका लावून दिला. “आता घरातून एक फेरी मार,” असे म्हटले. तो हसत निघाला. कोठीच्या अंधाऱ्या खोलीच्या दारात त्याचे हसू मावळले. आत तो पाऊल टाकीना. परतताना खिडकीपाशी नमुन्यासाठी आणून ठेवलेली नवी चकचकीत लादी होती. तिच्यावर ऊन पडले होते. तेथे तो थबकला आणि पायाने चाचपू लागला. त्याची वाग्दत्त वधू त्या दिवशी घरी आली होती. तिने चष्मा मागून घेतला, स्वतः फेरी मारली आणि चष्मा काढून शांतपणे म्हणाली, “ही लादी नको. आणि ती खोलीही नको.” हे घर उद्या तिचे होणार होते. तिच्या या दोन वाक्यांनंतर आम्हांला विशेष काही बोलावे लागले नाही.

मग नवा आराखडा झाला, तो सर्वांनी मिळून जेवणाच्या टेबलावर केला. पप्पांनाही त्यात बसविले. दिवाणखाना चांगला अठरा फूट रुंद आणि वीस फूट खोल आहे. उजेडाचा एक ढोबळ हिशेब असा की, खिडकीचा माथा जेवढा उंच, त्याच्या सुमारे दुप्पट अंतरापर्यंत दिवसाचा उपयोगी प्रकाश खोलीत पोहोचतो. येथे खिडक्यांवरच्या झडपा दहा फुटांपर्यंत जातात, म्हणजे उजेड वीस फूट आत, अगदी मागच्या भिंतीपर्यंत येतो. बांधणाऱ्यांनी हे मोजूनच केले असले पाहिजे. छत साडेआठ फुटांवर आणले असते तर झडपा झाकल्या जाऊन मागचे तीन फूट काळोखात गेले असते आणि तो काळोख घालविण्यासाठी त्या पंचवीस दिव्यांचे बिल जन्मभर भरावे लागले असते. साहजिकच फॉल्स सीलिंगचा बेत रद्द झाला. पंखे पूर्वीसारखेच लांब दांडीवर फिरत राहिले.

पप्पांसाठी दिवाणखान्याच्या एका अंगाला, त्यातल्याच एका खिडकीसह, सात फूट रुंद आणि दहा फूट लांब अशी जागा काढली. आडोसा खिडकीच्या भिंतीला काटकोनात घातला, म्हणजे तो उजेडाच्या वाटेत आडवा येत नाही. लाकूड सात फुटांपर्यंतच चढविले. त्याच्या वर रेघांची जुनी काच बसविली. ही काच घरातल्याच एका मोडीत निघालेल्या कपाटाच्या दारांची. तिच्यातून चेहरा दिसत नाही, प्रकाश मात्र पलीकडे जातो. पप्पांना एकांत मिळाला, घराचा उजेड कायम राहिला, आणि मैदानाकडची खोली नव्या जोडप्याला मिळाली.

जमिनीची कथा याहून गमतीची आहे. दिवाणखान्यात आणि मधल्या वाटेवर पूर्वी कधीतरी लिनोलियम चिकटविलेले होते. पप्पा म्हणत होते, “खाली काळी पट्टी आहे. लहानपणी मी तिच्यावरून आगगाडी चालवीत असे.” कोणाचा फारसा विश्वास बसला नव्हता. लिनोलियम उचलल्यावर खालून फिकट पिवळसर मोझॅक निघाला आणि भिंतीच्या कडेने, वीतभर अंतर सोडून, चार बोटे रुंदीची काळी पट्टी खोल्याखोल्यांतून फिरलेली दिसली. त्या काळात मुंबईच्या घरांत अशा लाद्यांची मोठी हौस होती. स्वदेशीच्या भावनेतून 1922 साली सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांनी परदेशी लाद्यांना येथेच पर्याय उभा केला होता. 1937 साली टाउन हॉलमध्ये आदर्श घरांचे प्रदर्शन भरले, तेव्हा मुंबईचा मध्यमवर्ग अशी घरे पाहायला लोटला होता. लादी साफ करायला आलेला एक कारागीर ॲसिड घेऊनच आला होता, त्याला परत पाठविले. ॲसिडने सिमेंट आणि संगमरवराची खडी दोन्ही खाल्ली जातात. दुसऱ्याने यंत्रावर दगड बदलीत, पाणी सोडीत, तीन दिवस घासले. तकाकी मुद्दाम मंदच ठेवली. आज पप्पा त्या काळ्या पट्टीच्या कडेने काठीशिवाय बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत जातात. ऐंशी वर्षांपूर्वी कोणा अज्ञात मिस्त्रीने शोभेसाठी घातलेली रेघ एका माणसाची वाट झाली आहे.

भिंतींना फिकट, मलईच्या रंगाचा आणि चमक नसलेला रंग दिला. पांढऱ्याच्या जवळचा रंग आलेला बहुतेक उजेड खोलीत परत पाठवितो, गडद रंग तो गिळून टाकतो. दारांच्या सागवानी चौकटींवर रंगाचे सात-आठ थर चढले होते. ते काढून लाकूड त्याच्या मूळ रंगात ठेवले. फिक्या भिंतीत ती गडद चौकट पप्पांना दुरूनही दिसते. येथे एक सावधगिरीची सूचना. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव फार. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर कडक मर्यादा नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्यामुळे जुने थर कोरडे घासून धूळ उडवू नये; ओले करून खरवडावेत आणि त्या वेळी लहान मुलांना दूर ठेवावे. विजेची बटणे तपकिरी निवडली. पितळी मुठी चिंचेने घासून पुन्हा लावल्या. जाड पडदे काढून पातळ पांढरे सुती पडदे आले. सकाळचे तिरपे ऊन डोळ्यांवर येते त्या तासाभरासाठी पप्पांच्या खिडकीला बांबूची चिक बांधली. वाचायचे म्हणून नव्हे, पण औषधाची बाटली ओळखता यावी म्हणून उशाशी एक वाकता दिवा ठेवला. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर पूर्वी ज्या भिंतीवर होती तेथेच राहिली. सकाळी उजेड प्रथम त्या भिंतीवर पोहोचतो, हे घर घेणाऱ्या पहिल्या पिढीने पाहून ठेवले असावे.

बाल्कनीचे काय? ती उघडीच राहिली. अशा वारसा क्षेत्रातल्या इमारतीचा दर्शनी भाग भाडेकरूला मनात येईल तसा बदलता येत नाही. त्यासाठी मालकाची संमती आणि महापालिकेची परवानगी लागते. आमच्या भाच्याने मात्र नियमाचे कारण सांगितले नाही. पप्पांना तो म्हणाला, “बाल्कनी तुमची आहे, आम्ही तेथे चहा प्यायला येऊ.” सजावटीचा पहिला पैसाही बाल्कनीवरच खर्च झाला, कारण तिच्या छज्जाला तडे गेले होते. समुद्राच्या खाऱ्या हवेने काँक्रीटच्या आतले लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट फोडून काढतो. आत मखमल आणि वर ढासळता छज्जा, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. मालकाशी बोलणे, कागदपत्रे आणि दुरुस्ती यांतच अडीच महिने गेले. लग्न जवळ येत चालले होते, बहिणीचा जीव टांगणीला लागला होता. परंतु ते काम आधी झाले हे योग्यच झाले.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, फादर, ओव्हलसमोरचे घर आम्हांला कोठून मिळणार! खरे आहे. आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे चारशे-पाचशे चौरस फुटांत राहतात, आणि समोरच्या इमारतीची भिंत त्यांच्या खिडकीपासून हात लांबविला तर लागेल अशी असते. पण तेथेच उजेडाचा हिशेब अधिक काटेकोरपणे करायला हवा. खिडकीपुढचे कपाट हलविणे, वरच्या झडपेवर रंगविलेली काच स्वच्छ करणे, खिडकीसमोरच्या भिंतीला फिका रंग देणे, दारावर काचेचा झरोका ठेवणे, यांना वास्तुतज्ज्ञ लागत नाही. घरात सर्वांत जास्त वेळ कोण असते आणि ती व्यक्ती कोणत्या खोलीत बसते, एवढे एकदा पाहावे. पुष्कळ घरांत उत्तम उजेडाची जागा आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांच्या सोफ्याला दिलेली असते आणि आजी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढीत असते. घर सजविताना आपण पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहतो. घरातल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहण्याचे राहून जाते.

बहिणीच्या घराचे पुढे काय होईल हे कोणीच सांगू शकत नाही. ते भाड्याचे आहे. इमारत म्हातारी आहे आणि आसपास पुनर्बांधणीची भाषा अधूनमधून ऐकू येते. पप्पांच्या डोळ्यांत जे थोडे शिल्लक आहे तेही कमी होत जाणार, असे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न भाचेसुनेच्या माहेरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थाने लग्नानंतर विचारलाच. तिने उत्तर दिले, “त्यांना दिसते आहे तोवर दिसू दे की!” आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून सात वर्षे शिकलो, याहून नेमके उत्तर आम्हांला सुचले नसते.

आपण सारेच या जगात बिऱ्हाडकरू आहोत, हे आम्ही अंत्यविधीच्या वेळी वारंवार सांगतो. बिऱ्हाडकरूने भिंती आपल्या समजू नयेत हे खरे; पण जोवर तेथे राहायचे आहे तोवर खिडक्या उघड्या ठेवणे त्याच्या हाती असते. आमच्या बहिणीच्या घरी आता सकाळी एक लहानसा प्रकार घडतो. कोणी दारातून आत आले की क्षणभर थांबते आणि मग आपले नाव न विचारताच सांगते. पप्पा त्याआधीच त्या दिशेला वळलेले असतात. घरातल्या सर्वांत अधू डोळ्यांना जे घर दिसते, तेथे इतरांना वाट चुकण्याचे भय नाही. घर सजवायला निघालेल्या आमच्या वाचकांनी दुकानात पाऊल टाकण्याआधी आपल्या घरातले ते डोळे कोणाचे, हे एकदा शोधून ठेवावे.